हयातीपुरते दहा लिटर

लोरेनमध्ये मिराबेलचा हंगाम सरला
की माझ्या खिडकीपुढे म्हाताऱ्यांची रांग लागते.
मी अबकारी खात्याचा कारकून.
पुढ्यात हिरवी नोंदवही, आणि तिच्यात ती माणसं
ज्यांना आपल्या झाडांची दारू
कर न भरता गाळता येते.

दहा लिटर. शुद्ध. वर्षाला.
निम्मं पाणी धरून वीस.
साठ सालच्या कायद्यानं हक्क काढून घेतला नाही,
त्याला फक्त म्हातारा होऊ दिलं.
ज्याचा आहे त्याचा तो हयात असेतो,
मागे राहिलेल्या जोडीदाराचा,
पुढे कुणाचाच नाही.
शेत पोराला जातं, झाडं जातात,
शिडी, कुत्रा, पाठदुखीसुद्धा जाते,
हे दहा लिटर जात नाहीत.
सरकारला घाई नव्हती.

दर जानेवारीत पट्टी धरून
तांबड्या शाईनं मी नावं खोडतो.
यंदा सतरा. गेल्या साली अकराच,
थंडी कमी होती.

ओदील थिरिये येते जेवणाची सुट्टी संपता संपता,
चिखलाचे बूट दाराबाहेर काढून,
जसं काही माझं ऑफिस म्हणजे कुणाचं स्वयंपाकघर.
झाडं? चौदा.
गेल्या साली पंधरा होती.
एकावर वीज पडली, ती सांगते,
त्याला रकाना आहे का?
नाही.
आंबवण? तीन पिंपं.
भट्टी? रेमी ह्युम्बेरची, चाकांवरची,
कपडे धुण्याच्या हौदाशी लागते ती. गुरुवारी.
माल घरी नेण्याची वेळ: चार ते पाच.
अंतर आठशे मीटर, वाहन हातगाडी.
पाच वाजून एक मिनिटानं
तीच दारू चोरटी होते.
गुडघे धरतात हो, ती म्हणते.
मी साडेपाच लिहितो.
नियमात गुडघ्यांविषयी काही नाही.

मग शेवटचा रकाना, हक्काचा आधार.
तो ती मला मोठ्यानं वाचायला लावते:
'दिवंगत पती थिरिये लुसियाँ यांच्यामार्फत.'
डॉक्टरनं तिला थेंबही वर्ज्य केलाय.
मग कशाला ही यातायात, मी एकदा विचारलं.
विजेचं बिल पोरानं स्वतःच्या नावावर केलं,
ती म्हणाली. पेन्शनवर मी एकटी.
दगडावर तो एकटा, माझी जागा कोरी ठेवलीय.
शिक्का जरा नीट उमटवा,
गेल्या वेळी त्याच्या नावावर शाई सांडली होती.

पोरगा जिल्बेर तिच्या मागोमाग आला.
आईनंतर काय?
आईनंतर कर. पहिल्या थेंबापासून.
तो काहीतरी पुटपुटला.
ते मी ऐकलेलं नाही, तशी नोंदही नाही.

गुरुवारी तपासणीला मीच गेलो.
तांब्याच्या नळीतून पहिली धार आली,
रेमीनं ती डबक्यात धरून खाजकुयलीवर ओतली.
हिच्यानं डोळे जातात, तो म्हणाला,
आणि तरी गावात एक जण असतोच, मागणारा.
मग दुसरी धार, पाण्यासारखी,
आणि तिच्यात अख्खा ऑगस्ट महिना.
मापनळी बुडवून मी वाकलो.
वीस लिटर आणि वर एक कप.
वाफेनं चष्मा धुरकटला होता.
मी वीस लिहिले.

ती निघाली पावणेपाचला.
बाटल्या एकमेकींना लागत होत्या.
वळणावर कुणी शेजारीण भेटली,
हातगाडी उभी राहिली,
आणि बटाट्याला लागलेल्या किडीवर बोलणं सुरू झालं,
औषध कुठलं, किती पाण्यात, कुणाच्या जावयानं आणलं.
पाच. पाच वीस.
मी हौदाच्या आडोशाला, हातात घड्याळ,
बोटं गारठलेली.
ती हसली कशालातरी. फार मोठ्यानं.

सहाला ऑफिसात परतलो, दिवा लावला,
परवान्याच्या स्थळप्रतीवर लिहिलं:
माल वेळेत घरी पोचला.
पोचला असेल.