धूर सोडून बाकी सगळं

दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी
दाराच्या फटीतून आत पडतो एक चपटा खोका.
पाच कुप्या त्यात, करंगळीएवढ्या,
प्रत्येकीच्या गळ्यात नंबर, नाव नाही.
सोबत कार्ड : हुंगा. थांबा. पुन्हा हुंगा. मग घोट.
खाली रिकाम्या ओळी, "काय आठवलं?"
आणि उत्तरांचं बंद पाकीट.

सहा महिन्यांची वर्गणी. पन्नाशीची भेट, माझीच मला.
आर्ब्रोथमध्ये जन्मून व्हिस्कीतलं ओ की ठो कळत नाही,
हे इतकी वर्षं झाकून ठेवलं होतं.
लग्नात, मयताला, वर्षाच्या शेवटच्या रात्री
ग्लास ओठांना लावायचा आणि हळूच कुंडीत ओतायचा.
एलस्पेथच्या खिडकीतलं जिरेनियम
बहुधा त्यानंच गेलं.

तसला खास ग्लास नव्हता. अंडं ठेवायचा कप घेतला.

पहिली कुपी : नाकात मुंग्या, डोळ्यांत पाणी.
लिहिलं, "नेलपॉलिश." लाज वाटली. खोडलं.
मग चमच्यानं दोन थेंब पाणी घातलं
तशी ती सैलावली,
पाहुणी कोट काढून नीट बसते तशी.
आता लिहिलं, "पेअर. शाळेच्या डब्यात दबलेलं."
दुसरी : "पाद्रीबाबांचं कपाट, आतून."
तिसरी : "गोड. पुढे काही नाही."
दहा मिनिटांनी भांडी घासताना अचानक लवंग,
साबणाच्या हातानं धावत जाऊन तेही लिहिलं.

चौथीला तर पान भरलं.
लिंबाची साल. ओला दगड. मीठ.
खिशात विसरलेली टॉफी, कागदासकट.
खुशीत पाकीट फोडलं.
चौथीपुढे एकच शब्द : धूर.
त्याखाली बारीक अक्षरांत,
"भरपूर. नवख्यांनी जपून."

परत हुंगलं. नाक बुडेपर्यंत हुंगलं.
धुराचा मागमूस नाही.
फर्गसला फोन केला. माझा मेहुणा,
चाळीस बाटल्या कपाटात, एकीचंही बूच काढलेलं नाही.
म्हणाला, "सेंगा, तुझं नाक गेलं."

पहाटे पाचला कामावर.
हॅडॉकच्या शेपट्या दोन-दोन बांधायच्या,
काठीवर ओळीनं टांगायच्या,
खाली बीचची लाकडं, वर ओलं गोणपाट.
मासा झाला की नाही हे मी
गोणपाटातून निघणाऱ्या धुराच्या रंगावरून सांगते.
एकोणतीस वर्षं सांगतेय, चुकलेली नाही.
डोलिनाला चौथ्या कुपीची गोष्ट सांगितली.
ती भिंतीला टेकून हसली, पोट धरून.
"बसमध्ये तुझ्याशेजारी कुणी बसत नाही, ते काय
तुझ्या स्वभावामुळे वाटलं तुला?"

जानेवारीत धुराडं दुरुस्तीला काढलं,
दोन आठवडे भट्टी बंद.
केस किती वेळा धुतले, मोजले नाहीत.
कोट दोरीवर टांगला, समुद्राच्या वाऱ्यात,
तो गोठून पाटीसारखा ताठ झाला.
बाराव्या दिवशी फ्रिजमागे
चौथी कुपी सापडली, तळाला थोडी उरलेली.

बूच काढलं आणि हात तिथेच थांबला.
गोणपाट. राख. दारामागे टांगलेला माझा एप्रन.
स्वयंपाकघर भरून गेलं एका टोपणभर व्हिस्कीनं.
म्हणजे हे असं, हे सगळं अंगावर घेऊन
मी चर्चमध्ये बसत होते,
बँकेच्या रांगेत सुटे पैसे मोजत होते,
एकदा रॉरीबरोबर नाचलेही होते, अख्खी तीन गाणी,
त्यानं हनुवटी माझ्या केसांवर टेकवली होती
आणि काहीच बोलला नव्हता.

कार्ड शोधून काढलं. लिहिलं, "धूर."
दोनदा अधोरेखित केलं.

फक्त लिंबाची साल
आता कुठे सापडेना. दगडही नाही, टॉफीही नाही.
सोमवारी भट्टी पेटेल.
आठवडाभरात येतील परत.