दुभाष्या

अर्काडीची पत्रं पूर्वी
उघडून, पुन्हा डिंकाने चिकटवून यायची.
मी पाकिटाची कड चाचपायचो:
मधे कोण वाचून गेलं?
आत हवा, तब्येत, मुलीचा पियानो.

कोयलीच्या रिफायनरीत त्याचं बोलणं
मी मराठीत आणायचो, गुजरातीत आणायचो.
दाब, गळती, व्हॉल्व्ह.
"सगळं ठीक" म्हणताना तो
नेहमी एखादा नट आवळत असायचा.

आज दांडिया बाजारात पोस्टमनने पाकीट दिलं.
तिकिटावर मेलेला देश,
वर शिक्क्याने मारलेली नवी किंमत.
कड अखंड.

चार पानं लिहिलीत पठ्ठ्याने!
मत दिलं म्हणतो. यादीत बारा नावं,
पेन्सिल धरून पाऊण तास नुसता उभा.
महिन्याच्या पेन्शनमध्ये दीड किलो सॉसेज.
पियानो विकला.
वरच्या मजल्यावरचा म्हातारा येऊन म्हणाला,
तुझी पत्रं मीच उघडायचो रे,
बडोद्याच्या त्या माणसाचं कसं चाललंय?

शेवटच्या ओळीत एक शब्द आहे.
सयाजीबागेपर्यंत तो सायकलवर
तोंडात घोळवत नेला.
'मोकळं' म्हणू, की 'उघडं'?

रात्री उत्तराला बसलो.
प्रिय अर्काडी,
इकडे उकाडा फार आहे.