चौदावी पायरी

गुरुवारी आम्ही पाचजण
सुपीरियर तलावाकाठच्या त्या तळघरातल्या बारमध्ये,
जिथे नोव्हेंबरात खिडक्यांना आतून घाम फुटतो
आणि लोहखनिजाची बोट पुलाखालून निघाली
की फळीवरच्या बाटल्या एकमेकींना हलकेच खेटतात.

रोलंडने पुस्तक टेबलावर ठेवलं.
डुलुथच्या लायब्ररीची प्रत, पाठीला चिकटपट्टी,
मागच्या पानावर एकसष्टपासूनचे शिक्के :
एवढी माणसं घाबरून वेळेवर परत देऊन गेलेली.

मेरिलीची जिन, लिंबाच्या सालीची एक कुरळी फीत.
सोलवेगच्या ग्लासात काळसर काहीतरी, तळाशी चेरी.
"बुडालेली बाई दिसते ही," ती म्हणाली,
कुणी हसलं नाही म्हणून खाऊन टाकली.

गोष्ट तर सगळ्यांना पाठ.
दलदलीकाठचं घर. पियानो जुळवायला आलेली मुलगी.
वर जाताना तेरा पायऱ्या, उतरताना चौदा.
शेवटच्या प्रकरणात ती त्या जास्तीच्या पायरीवर बसते
आणि लेखिका दिवा मालवते.

"भूत आहेच," रोलंड म्हणाला, "नाहीतर कागद वाया."
"घराला भूक आहे," सोलवेग म्हणाली.
मेरिलीने चाळीस वर्षं गणित शिकवलंय :
"तिला मोजता येत नव्हतं, बास.
माणूस घाबरला की हातचा विसरतो."

आउने गप्प.
तिच्या गरम रमवर लोण्याची साय धरली होती.
ऐनो गेल्यावर मार्चमध्ये घर विकलं तिने;
रिकामं घर खायला उठतं, एवढंच सांगितलं होतं.

"माझं घर घेतलेलं जोडपं," ती ग्लासाला म्हणाली,
"त्यांना वाटतं तिथे कुणीतरी आहे.
पहाटे साडेचारला खुर्ची सरकते.
सकाळी किटली कोमट लागते हाताला."
मग पर्समधून किल्ली काढून तिने
बरोबर पुस्तकावर ठेवली.
"कुलूप बदललं नाही पोरांनी."

बर्फ विरघळताना इतका आवाज करतो
हे मला माहीत नव्हतं.

"कुत्रा आहे त्यांच्याकडे?" शेवटी मेरिलीने विचारलं.
"आहे. आधी गुरगुरायचा.
आता पायावर डोकं ठेवून झोपतो."
"आणि तू काय करतेस तिथे?"
"कॉफी. ऐनोची पाळी पाचला सुरू व्हायची."

त्या मुलीबद्दल मग कुणी बोललं नाही.
इतकी वर्षं आम्ही वाचली ती खालून वर बघत;
पायरीला कधी कुणी विचारलं नव्हतं
की बाई, तुला थंडी वाजते का.

बिल रोलंडने दिलं, पुस्तकही त्यानेच उचललं.
किल्ली ग्लासाच्या ओल्या वर्तुळात राहिली.
आउने हातमोजे चढवत दाराशी.
"हे कुणाचं?" बारवाल्या डेक्स्टरने विचारलं,
आणि मी ती खिशात टाकली.
रस्त्यावर यायच्या पायऱ्या चढताना
मेरिलीचे ओठ हलत होते. ती नाही म्हणते.

तीन आठवडे झाले. किल्ली माझ्या ड्रॉवरमध्ये आहे,
मोजे आणि जुन्या पावत्यांच्या खाली.

काल औषधांच्या दुकानात ती तरुण बायको भेटली,
डोळ्यांखाली काळं, पण चेहरा बरा.
खुर्ची अजून सरकते, म्हणाली.
आता सवय झालीय. रात्रीच कप काढून ठेवते
ओट्यावर. दोन.

आउनेकडे दुसरी किल्ली असेल.
मी विचारलेलं नाही.