पोचा

तांबट आळीत हळू बोलणं
कुणालाच येत नव्हतं.
मीठ मागायचं तरी ओरडून,
रडायचं तर दोन ठोक्यांच्या मधल्या फटीत.
शाळेत बाई म्हणायच्या, अगं, मी समोरच उभी आहे.

आता एकावन्नाव्या वर्षी
अशोकस्तंभापाशी, झेरॉक्सच्या दुकानावरच्या खोलीत
मंगळवारी आणि शुक्रवारी
गायधनी बाईंपुढे मांडी घालते.
गुडघा कुरकुरतो.
तोच काय तो सुरात, असं म्हणते
आणि एकटीच हसते.

बाई गंधारावरून षड्जावर येतात
तेव्हा कुठून निघाल्या ते कळतं,
पोचल्या तेही कळतं,
मधलं काही हाती लागत नाही.
मी येते ती दणादण.
ग. रे. सा.
जिन्यावरून घागर सुटल्यासारखी.

"कुंदाताई, तुम्ही पायऱ्या मोजता.
घाटावर पाणी चढतं, ते मोजतं का?"
नाही बाई, म्हणते.
मनात म्हणते, पूर आला की अख्खं नाशिक मोजतं,
दुतोंड्या मारुतीच्या कमरेला लागलं,
छातीला लागलं, गळ्याशी आलं.
पण मोजणारे आम्ही.
पाणी नाही.
हे मला सुचलं रविवार कारंजाच्या सिग्नलला,
हिरवा लागून गेल्यावर,
मागचा रिक्षावाला शिव्या देत असताना.

सात महिने एकच मींड.
कुकरच्या दोन शिट्ट्यांमध्ये,
चादर पिळताना, ओठ मिटून.
आवाज लहान केला तर थरथरतो,
मोठा केला तर त्याला धार येते.
धार असू दे, म्हणतात बाई,
पण पाण्याची. सुरीची नको.

काल अण्णांना गाऊन दाखवलं.
अण्णांना ऐकू येत नाही.
साठ वर्षांचे ठोके कानात बसलेत,
तिथं आता दुसऱ्या कशाला जागा नाही.
तरी म्हणाले, गा.
आणि डोळे मिटून
चार बोटं माझ्या गळ्यावर ठेवली,
मठारून झालेल्या हंड्यावर फिरवायचे तशी.
उजेडाला न दिसलेलं
त्या बोटांना सापडायचं.

मी गंधारावरून निघाले.
बोटं माझ्याबरोबर निघाली.
कुठं धक्का नाही, कुठं घाई नाही,
खाली येऊन टेकले,
वाटलं, जमलं.

अण्णांनी एक बोट उचललं,
जरासं वर नेऊन परत टेकवलं.
"इथं पोचा आहे,"
अख्ख्या आळीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं.

रिषभाच्या किंचित अलीकडे.
बरोबर होतं त्यांचं.
शेजारच्या माधुरीनं खिडकीतून विचारलं, काय झालं हो?
काही नाही गं, मी तितक्याच मोठ्यानं ओरडले,

आणि पुन्हा गंधार लावला.
त्यांनी हात काढला नव्हता.