स्वस्थ धान्य दुकान

छत्तीस वर्षं धंतोलीतल्या एका छापखान्यात
दुसऱ्यांच्या वेलांट्या सरळ केल्या.
निवृत्त झालो तेव्हा नागपुरात
दोन खोल्यांचं भाडं अकरा हजार,
आणि पेन्शन चौदाशे सत्तर.
म्हणून उमरेडला आलो. दुसरं कारण नाही.
कोणी विचारलं तर हवा सांगतो.

पुनाजी धकात्यांच्या मागच्या दोन खोल्या,
अठ्ठावीसशे, वीज वेगळी.
अंगणाची चौथी भिंत किल्ल्याची आहे.
भोसल्यांची की त्याआधीच्या गोंडांची,
यावर धकाते आणि त्यांचा मेहुणा
दर रविवारी भांडतात.
तिच्यावर कुंदा गोधड्या वाळत घालते.
चार वाजता एक शेळी बुरुजावर चढते
आणि गावाकडे असं बघते
जशी तिची वसुली थकली आहे.

सांभाराची जुडी पाच रुपये.
दाढी चाळीस, त्यात मान मोडून देणं धरलेलं.
न्हाव्याला घाई नसते.
मलाही आता नाही,
हे कळायला आठ महिने लागले.

दुपारी खाणीत सुरुंग उडतो.
मांडणीतली ताटं एकमेकांना काहीतरी सांगतात
आणि गप्प होतात.
पांढरा सदरा दोरीवरच राखाडी होतो.
धकाते महिन्याला एक करवतकाठी धोतर विणतात.
गिऱ्हाईक उरलं नाही त्याचं,
हात उरलेत.

जानेवारीत एका रात्री
कुंदाचा श्वास अडकला.
सरकारी दवाखान्यातली पोरगी म्हणाली,
ऑक्सिजन लावते, पण नागपूरला न्या.
गाडी मिळाली ती धकात्यांच्या पुतण्याची,
मिरचीची पोती वाहायची.
त्याने आधी ती धुतली.
अंधारात, त्या थंडीत, तीन बादल्या.
मी ओरडलो, अरे वेळ नाही!
तो म्हणाला, "ठसका लागन जी काकूले."
दहा मिनिटं.
पन्नास किलोमीटरचा रस्ता समोर पडलेला
आणि तो चिंध्या घेऊन कोपरे पुसतोय.

कुंदा वाचली.
डॉक्टर म्हणाले, थोडं आधी आणायला हवं होतं.
बिलात आमची दोन वर्षांची बचत गेली.
सगळं वहीत लिहिलं आहे मी,
फक्त ती दहा मिनिटं
कोणत्या रकान्यात घालायची
ते अजून ठरत नाही.
पुतण्या डिझेलचे पैसे घेत नाही.
मी त्याच्याशी नीट बोलत नाही.

रेशनच्या दुकानावर रज्जाक पेंटरने
हातभर अक्षरांत लिहिलं आहे:
स्वस्थ धान्य दुकान.
पहिल्याच दिवशी खटकलं होतं.
त ला थ केलास रे बाबा, म्हटलं.
तो म्हणाला, ऐंशी रुपये लागतीन,
आन दुकानवाला काही देत नाही.
मी देतो, म्हटलं.
अशुद्ध शब्दाखालून तांदूळ आणायला
माझा पाय उचलेना.

आज तो शिडी घेऊन आला.
रांग लागलेली.
कुंदाला अजून फार वेळ उभं राहवत नाही,
तिची पिशवी रांगेत उभी आहे,
ती पायरीवर.
कुठल्याशा हेडाऊ बाई
आपल्या पायाने ती पिशवी पुढे सरकवतात
आणि सुनेबद्दल बोलत राहतात.
त्यांना कुंदा कोण ते ठाऊक नाही.
कुंदा हसते आहे,
तोंडात कुणीतरी दिलेली बोरं.

"काका, पुसू काय?"
रज्जाक वरून विचारतो.
ब्रशवरून निळा थेंब
थेट माझ्या चपलेवर.

छापखान्यात खोडलेलं परत हवं असलं
की आम्ही शब्दाखाली टिंबं द्यायचो.
मी मान वर करून बघत राहिलो,
मान दुखेपर्यंत.

ऐंशी रुपये त्याने घेतलेच.
म्हणाला, शिडी तर आणली न जी.