पुरे म्हणणारं पाणी

शोवा त्रेपन्न, कानाझावा.
खिडकीबाहेर माळी पाइनच्या फांद्यांना दोर बांधतायत,
बर्फ अजून पडायचाय.
आत थंड खोलीत, चार अंशांवर,
मी तोकिए हानावा, हुद्दा तांत्रिक साहाय्यक,
उंदरांच्या प्लीहा बारीक जाळीवर चोळतेय.

या उंदरांना टोचलंय
एका समुद्री गोगलगायीचं रक्त,
निळं असतं ते, तांब्याचं.
दोनदा टोचलं, भरपूर,
वीट येईल इतकं.

मुराकोशी सेन्सेई म्हणतात,
भांडायला उठणाऱ्या पेशी सगळ्यांना ठाऊक आहेत.
आपण शोधतोय ती
उंबऱ्यावर उभी राहून
"बास, झालं एवढं" म्हणणारी.

पेशी आवाजाने फोडायच्या.
यंत्र किंचाळतं, मी कानात कापूस घालते.
मग तासभर गरगर फिरवायचं,
गाळ तळाला, वर नितळ.
त्या नितळात ना पेशी ना केंद्रक.
सांगणारी मेली,
सांगणं तेवढं विरघळून राहिलंय.

ते दुसऱ्या उंदरांना टोचलं.
पाच दिवसांनी लाल थरात पडलेली भोकं मोजली,
एक भोक म्हणजे भांडणारी एक पेशी,
डोळा भिंगाला, अंगठा काउंटरवर.
न टोचलेल्यांत चारशे बारा.
टोचलेल्यांत सत्त्याण्णव.
मी पुन्हा मोजली.
शहाण्णव.

शिओमीने काचेच्या नळीत मणी भरले,
मण्यांना तेच निळं रक्त चिकटवलेलं.
वरून पाणी सोडलं. खालून आलं ते मुकं,
टोचलं तरी कुणी थांबेना.
"पुरे" मण्यांना बिलगून बसलं होतं.
अंड्याच्या पांढऱ्याचे मणी घेतले
तर सरळ निघून आलं, ओळखसुद्धा दाखवली नाही.
म्हणजे हे सरसकट तोंड दाबणं नव्हतं.
नाव घेऊन, एकाच भांडणाला, एवढंच.
त्या रात्री सेन्सेईंनी सगळ्यांना गरम साके पाजली.

पण त्याला घर हवं होतं.
सतराव्या गुणसूत्राच्या नकाशावर
दोन घरांच्या मध्ये
सेन्सेईंनी पेन्सिलीने एक चौकोन काढला.

पाच वर्षांनी परदेशातून छापील पानं आली.
कुणीतरी तो रस्ता पायी चालून आलं होतं,
दार न् दार वाचत.
दोन घरं होती, भिंतीला भिंत.
मध्ये बोळसुद्धा नव्हता.

सेन्सेईंनी चौकोन खोडला.
रबराचा चुरा फुंकला.
कागदावर खोलगट रेघ राहिली,
बोट फिरवलं की लागायची.
मी विचारलं, मग ते उंदीर
कुणाचं ऐकून थांबले?
ते म्हणाले, हानावा-सान, चहा निवतोय.

शिओमी औषधांच्या कंपनीत गेला.
बाटल्या काही वर्षं फ्रीजरमध्ये होत्या,
लेबलं माझ्या अक्षरातली.
मग एका उन्हाळ्यात वीज गेली.

दर ऑक्टोबरात प्राणिघरामागच्या दगडापाशी
आम्ही ओळीने उभे राहायचो,
भिक्षू मंत्र म्हणायचे, उदबत्तीचा धूर सरळ वर जायचा.
बाकीच्यांच्या मनात काय असायचं कोण जाणे.
मला सत्त्याण्णव आणि शहाण्णव
यांच्यामधलं एक आठवायचं.

आता बहात्तरावं सरलं.
बोटांचे सांधे सकाळी उघडत नाहीत.
डॉक्टरीण पोरगेलीशी, समजावून सांगते,
तुमचंच सैन्य तुमच्यावर उलटलंय, आजी,
आवरणाऱ्या पेशी असतात, त्या कमी पडतायत.
त्यांचा पत्ता म्हणे सापडलाय,
नाव वेगळं, गुणसूत्रही वेगळं.
मी मान डोलावते.
आमच्या पाण्याचं तिला कुणी सांगितलेलं नाही
आणि मीही सांगत नाही,
उगाच तिचा वेळ जाईल.

काउंटर अजून आहे ड्रॉवरमध्ये.
दाबायला अंगठा वळत नाही.
शेजारचा रिकु आला की त्याला देते.
तो पायऱ्या मोजतो, मांजरं मोजतो,
पाइनचे दोर मोजतो,
थांब म्हटलं तरी थांबत नाही.