लॅम्परूम, बाजू दोन

लुकुंडो, आधी हात धू.
कपेंटा मासळीचं तेल तबकडीला लागलं
तर सिम्फुक्वे थडग्यातून उठून येईल,
आणि तो जिवंतपणीच फार चिडका होता.

हे कव्हर. पाच जण, बेलबॉटम,
मागे काळा डोंगर.
डोंगर कसला, खाणीनं ओकलेली मळी,
तू रोज शाळेला जाताना बघतेस तीच.
डावीकडून म्पुंडू, गाणारा.
चर्चच्या गायकांतून त्याला काढला होता,
आवाज फाटका म्हणून.
शेजारी सिम्फुक्वे. त्यानं कोऱ्या स्पीकरचा पडदा
दाढीच्या ब्लेडनं चिरला.
का, तर गिटार घसा बसल्यासारखी वाजावी.
हप्ते फिटायचे होते अजून!
मग जुळे दोघे, मला कधीच ओळखू आले नाहीत.
टोकाला चिशिम्बा, ड्रम.
मी? मी फोटोत नाही.
मी व्हॅन चालवायचो.

लॅम्परूम म्हणजे दिव्यांची खोली.
खाणीत उतरताना माणूस तिथून दिवा घ्यायचा,
वर आला की परत टांगायचा.
खुंटी रिकामी, म्हणजे कुणीतरी अजून खाली आहे.
तिच्या मागच्या भिंतीला टेकून ही पोरं वाजवायची
तिसरी पाळी सुटेपर्यंत,
आणि वर आलेली माणसं, कानात अजून सुरुंग,
म्हणायची, जोरात वाजवा, ऐकू येत नाही.
आवाज एवढा का, विचारलंस ना?
म्हणून.

आता गप्प बस. सुई ठेवतोय.
हा खरखराट गाण्यातला नाही, माझ्यातला समज.
हं. आला बघ चिशिम्बा, ऐक, कसा दार ठोठावल्यासारखा...

गेली.
आज आपल्या वस्तीचं भारनियमन.
म्पुंडूचा आवाज घसरत घसरत
म्हशीच्या हंबरण्यापाशी येऊन थांबला.
सुई राहू दे तशीच.

तुझ्या फोनमध्ये आहे म्हणतेस?
कुठून आलं? बर्लिन?
बर्लिनच्या माणसाला किट्वे ठाऊक आहे?
वाच, काय लिहिलंय.
“वादक अज्ञात.”
अज्ञात!
अगं, चिशिम्बा माझे अठरा क्वाचा देणं लागतो.
लुसाकाला जाऊन येतो म्हणाला, एकोणऐंशी साली.
बाकी चौघे, तो आजार आला तेव्हा,
ज्याचं नाव आम्ही घेत नव्हतो.
डॉक्टर क्षय म्हणायचे, आम्ही मान हलवायचो.
चार वर्षांत चार शवपेट्या,
त्याच व्हॅनमधून.
हे मी तुझ्या आईला सांगितलेलं नाही.

दे ती कानातली गोळी. एक तुला, एक मला.
वायर नाही तर पडत कशी नाही ही?
बरं.

काय? मागे घे म्हणतेस?
कोण ते?
दुसऱ्या कडव्यानंतर, टाळ्यांमध्ये, एक टाळी मागून येते.
एकटीच. सगळे थांबल्यावर.

लुकुंडो, पन्नास वर्षं मी ही तबकडी वाजवतोय,
आणि दर वेळी नेमका तिथं खोकतो.

नैरोबी. तीन दिवस व्हॅन हाकली होती.
तिथला साहेब म्हणाला, टाळ्यांना माणूस कमी आहे,
तो ड्रायव्हर झोपलाय का?
झोपलोच होतो.
एका हाताने टाळी वाजत नाही म्हणतात;
माझी दोन्ही हातांनी वाजली, फक्त उशिरा.
सिम्फुक्वे परतीच्या वाटेवर
सरहद्द येईपर्यंत बोलला नाही माझ्याशी.

आणि तू तेवढंच परत लावतेस.
परत.
हसत नाहीस. मान हलवतेस,
आणि मान त्याच टाळीवर खाली येते,
सिम्फुक्वेच्या गिटारवर नाही.
त्याला हे आवडलं नसतं.

आली वीज!
बघ, तबकडी जागी होतेय,
तळातून पिंजरा वर यावा तसा
म्पुंडूचा आवाज चढतोय,
आधी म्हैस, मग माणूस, मग तो.
फोन ठेव खाली.
हात वर धर. दोन्ही.
सगळे वाजवतील, वाजवू दे त्यांना.
थांब.
अजून नाही.